रिकाम्या गाडीचं वजन

जालन्यात, एमआयडीसीच्या फाट्यावर
अकरा वर्षं वजनकाट्यावर बसलो मी.
भंगाराचा ट्रक चढला की आधी भरलेलं वजन,
खाली होऊन आला की रिकाम्याचं.
मधला फरक तेवढा माल,
बाकी सगळी गाडीच.

म्हणून पहिल्याच आठवड्यात
मुग्धा मॅडमनी विचारलं,
"बंकटराव, शून्य ते दहा,
सोडायची इच्छा किती?"
तेव्हा काट्यावरच्या सवयीनं
समोरच्याचं तोंड बघून आकडा सांगितला:
आठ.
पेनाला जोर न देता त्यांनी लिहून घेतलं.
त्यांना कळालं होतं,
हे मलाही कळालं.

अंबड रस्त्याला पत्र्याची दोन शेडं, सोळा खाटा,
नळाला दिवसाआड पाणी.
प्रल्हाद कंडक्टर झोपेत ओरडायचा,
"पुढं सरका, पुढं सरका!"
इलियासभाई वेल्डरच्या हातात
कपापेक्षा बशी जास्त वाजायची.
सोनपेठचं एक पोरगं दिवसभर
भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून बसायचं.

दहाला सगळे गोलात बसायचे.
मला उठवायला रोज किसन यायचा,
"चला काका, तुमच्यावाचून गोल पुरा होईना."
मी म्हणायचो, मग चौकोन करा.
गेलोच तर खुर्ची दाराजवळची.

अकराव्या दिवशी इलियासभाई गेले.
मेव्हणा आला, सही झाली.
गेटवर त्यांनी माझा हात धरला
आणि त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.
त्याचंच जास्त वाईट वाटलं,
बरा झालेला हात घेऊन माणूस चाललाय कुठं.

त्या रात्री मीही पिशवी भरली:
दोन सदरे, दाढीचं सामान,
घरून आलेला लसणाच्या चटणीचा डबा, निम्मा.
सकाळी किसन दारात.
"टाकी धुवायची पाळी इलियासभाईंची होती,
आता आत उतरणार कोण?"
झाकणातून मावंल असा वाळका माणूस
अख्ख्या शेडात मी एकटाच.

उतरलो.
तळाला बोटभर शेवाळ, वर ताटाएवढं आभाळ.
घासता घासता तोंडातून निघालं,
"काय करायलास रे बंकट?"
तर टाकीनं तेच मला चारदा विचारलं.
वर आलो तेव्हा साडेबारा झालते,
अकराची गाडी गेलती.
चटणीचा डबा बाहेर काढला,
जेवायला लागणारच होता.

दुपारी मॅडमनी परत विचारलं.
"दोन," मी म्हणलं.
आता ओरडा बसणार म्हणून मान खाली.
त्या म्हणाल्या, "दोन? मग शून्य का नाही?"

अकरा वर्षांत काट्यावर
हा सवाल कुणी केला नव्हता.
माल कमी का भरला, सगळे विचारतात.
एवढा तरी कसा भरला,
हे कुणी विचारत नाही.

आठवायला वेळ लागला.
मग टाकीचं सांगितलं,
आणि गजाबा हमालाचं,
जे घरी पण बोललो नव्हतो.
पिऊन बसलेलो असताना
एका पावतीवर मी आकडा चुकवला,
त्याच्या टोळीची दिवसाची मजुरी गेली.
तो भांडला नाही.
माठातलं पाणी प्यायला,
तांब्या उपडा घातला आणि गेला.
तो तांब्या मला अजून दिसतो, मॅडम.
त्याचे दोन धरा.

आज पुन्हा विचारलं त्यांनी.
मी म्हणलं, काटा पासिंगला गेलाय, आज बंद.
त्या हसल्या आणि काहीतरी लिहिलं.
समोरच्याचा कागद उलटा वाचायची
मला जुनी सवय.
आकडा नव्हताच.
लिहिलं होतं:
गोलात स्वतःहून आला.
खुर्ची अजून दाराजवळचीच.